दुकाने बदलणारा मुलगा

नगरच्या कापड बाजारात नोकरी मागायला आलेल्या मुलाला पहिला सवाल होतो, ‘आधी कुठे होतास?’ दोन वर्षांत तीन दुकाने सांगितली की शेठजी मान फिरवतात. त्यांची भीती खोटी नाही. बस्त्याच्या गिऱ्हाइकाला बसवून माल दाखवायला शिकण्यात वर्ष जाते. लग्नसराईच्या तोंडावर मुलगा समोरच्या दुकानात गेला तर गिऱ्हाईकही जाते.

पण चौकशी करावी. ईद-दिवाळीपुरता ठेवून नंतर काढलेला मुलगा चंचल कसा? एमआयडीसीतही ठेकेदार बदलला की कामगाराचा मालक बदलतो, मशीन तेच राहते. मी एकच पाहतो: उचल फेडून, हिशेब मिटवून निघाला का? जुन्या मालकाला विचारले की कळते. (चांगला माणूस गेल्याच्या रागात वाईट सांगणारेही आहेत म्हणा!)

शिवाय त्याने टिकावे कशासाठी? ग्रॅच्युइटीला साधारणपणे पाच वर्षे सलग नोकरी लागते, तीही किमान दहा माणसांच्या पेढीत. आपल्या बहुतेक दुकानांत चार-पाच जण. तिथे पगार वीस तारखेवर गेला की पाचशे रुपये जास्त देणारा शेजारी बरा वाटतो. तेव्हा ठेवतानाच पगाराची आणि वाढीची तारीख सांगावी, आणि हिशेब चोख करून जाणाऱ्याला दोन ओळींचा दाखला द्यावा.