मणी गेले कुठे?

गाळप हंगामात लोणी, संगमनेर, राहुरीच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. अपघात झाला आणि नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं, की जखमेत माती जाते. हाडात पू धरण्याची भीती असते. पू धरलाच, तर सर्जन खराब हाड काढून त्या जागी कधी कधी औषधाचे मणी भरतात. दीड-दोन महिन्यांनी एक्स-रेत मणी दिसत नाहीत आणि घरचे हबकतात: आपली फसवणूक झाली का?

नाही. ते विरघळण्यासाठीच असतात. हे मणी कॅल्शियम सल्फेटचे, म्हणजे शुद्ध जिप्समचे. ऑपरेशन चालू असतानाच त्याच्या भुकटीत व्हँकोमायसिन किंवा जेंटामायसिन हे प्रतिजैविक कालवून लगदा रबरी साच्यात भरतात. थोड्या मिनिटांत साबुदाण्याएवढे टणक मणी निघतात. कल्पना जुनीच: जर्मनीत ड्रेसमन या सर्जननी १८९२ मध्येच हाडातले खड्डे याच जातीच्या प्लास्टर ऑफ पॅरिसने भरले होते.

‘हाडात सिमेंट भरलं’ असंही लोक म्हणतात. ते सिमेंट वेगळं, कवळीच्या जातीचं अॅक्रिलिक. तेही औषध सोडतं, पण विरघळत नाही; बऱ्याचदा पुन्हा ऑपरेशन करून काढावं लागतं.

इंजेक्शनं असताना मणी कशाला? मेलेल्या हाडाला रक्त पोचत नाही आणि शिरेतून दिलेलं औषध रक्तावरच स्वार असतं. मणी थेट त्या जागी औषध सोडतात. तिथे ते भरपूर मिळतं, मूत्रपिंडावर भार कमी येतो. पण मेलेलं हाड नीट काढलं नाही, तर मणी काही करू शकत नाहीत. इंजेक्शनं-गोळ्याही बहुधा चालूच ठेवाव्या लागतात.

मणी म्हणजे नवं हाड, हा सर्वांत पक्का गैरसमज. हाड शरीरच घडवतं. असं साहित्य दोडक्याच्या वेलाला मांडव असावा तसं. पेशी आणि रक्तवाहिन्या त्याच्या आधाराने आत शिरतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रेशमाच्या प्रथिनापासून असे सच्छिद्र मांडव बनवण्याचं काम झालं आहे. खड्डा मोठा असेल, तर मात्र बऱ्याचदा रुग्णाच्याच कमरेचं हाड घ्यावं लागतं. आणि विडी-सिगारेट चालू राहिली, तर हाड जुळायला उशीर होतो, हे मी प्रत्येकाला कळकळीने सांगते.

मणी विरघळताना जखमेतून पांढुरकं पाणी झिरपू शकतं. ते दर वेळी पू नसतं. पण घरी ठरवू नका, दाखवा. पुढच्या एक्स-रेत मणी शोधण्यापेक्षा हाडाच्या दोन टोकांमध्ये नवी पांढरट सावली धरली आहे का, ते डॉक्टरांना बोट ठेवून दाखवायला सांगा.