रिव्हिएर न्वार

हिंदी महासागरातील मॉरिशस बेटाचा पश्चिम व नैर्ऋत्य किनाऱ्यावरील जिल्हा. इंग्रजी नाव ब्लॅक रिव्हर. क्षेत्रफळ २५९ चौ. किमी. जिल्हा परिषदेचे ठिकाण बाँबू.

१७१५ मध्ये फ्रेंचांनी घेतलेले हे बेट १८१० मध्ये ब्रिटिशांकडे गेले. तथापि शरणागतीच्या अटींनुसार फ्रेंच भाषा, कायदे व चालीरीती टिकून राहिल्या. फ्रेंचपासून बनलेली क्रिओल ही येथील नित्याची बोली असून वृत्तपत्रांत फ्रेंचचा वापर अधिक आहे.

जिल्ह्याच्या पूर्व भागात ज्वालामुखीजन्य बेसाल्टचे डोंगर असून त्यांतील ८२८ मी. उंचीचे शिखर देशात सर्वोच्च आहे. आग्नेय व्यापारी वारे या डोंगरांपलीकडेच बहुतेक पाऊस देतात. त्यामुळे किनारपट्टी कोरडी व उष्ण असून उसास पाटाचे पाणी द्यावे लागते. तामारँ येथील मिठागरे व प्रवाळभित्तींनी सुरक्षित झालेल्या फ्लिक-आँ-फ्लाक येथील पुळणीवरील पर्यटन, ही दोन्ही याच कोरडेपणाची फळे होत.

शामारेल येथील बहुरंगी माती प्रसिद्ध आहे. बेसाल्टच्या अपक्षयात सिलिका वाहून जाऊन लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे राहिल्याने तिला तांबड्या-जांभळ्या छटा आल्या. कोकणातील जांभा दगडही अशाच प्रक्रियेने बनतो.

दुर्गम डोंगरांनी येथे अनेकांना आश्रय दिला. नैर्ऋत्य टोकावरील ल मॉर्न ब्राबाँ (५५६ मी.) या कड्यावर पळालेले गुलाम लपून राहत. १८३५ मध्ये गुलामगिरी संपल्याची वार्ता घेऊन आलेल्या शिपायांना पाहून, पकडले जाण्याच्या भीतीने काहींनी कड्यावरून उड्या घेतल्या, अशी लोकपरंपरा आहे. २००८ मध्ये या स्थळाचा जागतिक वारशात समावेश झाला. दऱ्यांतील मूळच्या अरण्यात ससाण्याच्या कुळातील मॉरिशस केस्ट्रेल तग धरून होता. १९७४ मध्ये नैसर्गिक अवस्थेतील असे केवळ चारच पक्षी ज्ञात होते. पुढे संरक्षित पैदाशीमुळे त्यांची संख्या वाढली. या अरण्याच्या रक्षणार्थ १९९४ मध्ये राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले.

गुलामगिरीच्या अंतानंतर भारतातून करारबद्ध मजूर आणण्यात आले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली कोकणातील मराठी कुटुंबेही होती. कास्कावेल व आसपास त्यांचे वंशज राहतात. घरी क्रिओल बोलणाऱ्या या समाजाने गणेशोत्सव जपला असून गणेश चतुर्थीस देशात सार्वजनिक सुट्टी असते.

मे ते नोव्हेंबर हा थंड व कोरडा काळ प्रवासास अनुकूल असतो; त्यानंतर एप्रिलपर्यंत चक्रीवादळांचा संभव असतो.