परळचे ज्ञान मेंढपाळाच्या वाड्यावर कधी पोहोचणार?

परळ म्हटले की बंद पडलेल्या गिरण्या, केईएम रुग्णालय आणि बाबासाहेब जेथे राहिले ती बीआयटी चाळ आठवते. याच परळात १८८६ साली मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. तेथे जे शिकवले जाते त्यातले माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोल्याच्या मेंढपाळापर्यंत किती पोहोचते, हा खरा प्रश्न आहे.

वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटर पावसाच्या या टापूत दख्खनी मेंढी टिकते. ती मैलोन्‌मैल चालते, झाडपाल्यावर आणि धसकटांवर पोट भरते. मऊ लोकरीसाठी मेरिनो, रॅम्बुले या परदेशी नरांशी संकर करण्याचे प्रयोग देशात झाले. पण धनगराची चूल आज लोकरीवर नव्हे, मटणासाठी विकल्या जाणाऱ्या कोकरांवर पेटते; आणि दख्खनी मेंढी बहुधा एका वेताला एकच कोकरू देते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने नेमकी हीच अडचण हेरली. सुंदरबनातील ठेंगण्या गरोल मेंढीचा जुळी देणारा जनुक दख्खनी कळपात आणून तिने ‘नारी सुवर्णा’ मेंढी तयार केली. उत्तर परदेशात नव्हे, आपल्याच देशातील गरिबाच्या दारात सापडले!

परंतु केवळ जनुकाने भागत नाही. जुळ्यांना दूध हवे, दुधासाठी चारा हवा, आणि गायराने तर आक्रसत चालली आहेत. तेथे भूमिहीन दलित व मेंढपाळ यांना एकमेकांसमोर उभे करून जमीन तिसराच बळकावणार असेल, तर दोघांनीही वेळीच सावध झाले पाहिजे.

दुसरे असे की, घरच्याच नरापासून पिढ्यान्‌पिढ्या पैदास केली तर कळप खुरटतो. म्हणून दर दोन वर्षांनी नर बदलावा. पावसाळ्यापूर्वी आंत्रविषाराची लस टोचावी, पीपीआरची लसही चुकवू नये. पण दिवाळीनंतर कळप गाव सोडून कोकणाकडे किंवा बागायती भागाकडे निघतो, आणि दवाखाना गावातच राहतो. मग लस टोचणार कोण?

लालबाग-परळच्या ताटात मटण येते, त्यामागे या भटकंतीचे कष्ट आहेत. कळप चालतो, तर डॉक्टरनेही त्याच्या वाटेवर गेले पाहिजे. लस, चांगला नर आणि चराईचा हक्क ही मेंढपाळावर मेहेरबानी नाही, त्याचा तो अधिकार आहे. समाजाने संघटित होऊन तो मागितला पाहिजे.