आजार सैनिकाला, पुरावा कुणी द्यायचा?

कल्पना करा, इराकमधल्या लष्करी तळावर तुमच्या तंबूशेजारी रात्रंदिवस कचरा जळतोय. प्लास्टिक, बॅटऱ्या, दवाखान्यातला कचरा, सगळं जेट फ्युएल ओतून पेटवलेलं. हेच ते ‘बर्न पिट’. घरी परतल्यावर काही वर्षांनी कॅन्सर झाला, तर तो धुरामुळेच झाला हे अमेरिकन सैनिकाने सिद्ध करायचं! पण तेव्हा हवेत काय होतं, याची नोंद त्याच्याकडे कुठून येणार? कोर्टात जावं, तर १९५० च्या फेरेस निकालामुळे सेवेतल्या इजेसाठी सरकारवर दावाच चालत नाही. २०२२ च्या पॅक्ट कायद्याने हे उलटं केलं. ठरावीक भागात सेवा आणि यादीतला आजार, एवढं दाखवलं की दोन्हींचा संबंध सरकारनेच गृहीत धरायचा. म्हणून भरपाईची कुठलीही योजना वाचताना रकमेआधी हे बघा: पुरावा कुणी द्यायचाय?