व्हॅटिकन : पीठ आणि राज्य

स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत व्हॅटिकनची ओळख बहुधा एका ओळीत उरकलेली असते : जगातील सर्वांत लहान सार्वभौम राज्य, क्षेत्रफळ सुमारे ४४ हेक्टर, प्रमुख पोप. ही माहिती बरोबर आहे. पण तेवढ्यावर थांबल्यास एक महत्त्वाचा भेद नजरेआड होतो. पोप व्हॅटिकनचे अधिपती आहेत म्हणून कॅथलिक धर्माचे प्रमुख ठरत नाहीत. ते रोमच्या धर्मपीठावर विराजमान असतात, आणि त्या पीठाला कोणत्याही राजसत्तेच्या अंकित राहावे लागू नये, यासाठी हे राज्य निर्माण करण्यात आले आहे.

या पीठाला इंग्रजीत 'होली सी' म्हणतात. त्यातील 'सी'चा समुद्राशी संबंध नाही. आसन या अर्थाच्या 'सेदेस' या लॅटिन शब्दावरून तो आला आहे. मराठीतील 'पीठ' हा शब्द येथे नेमका बसतो. आधी बसण्याची जागा, मग त्या जागेचा अधिकार आणि पुढे तो अधिकार चालवणारी संस्था, असे तिन्ही अर्थ आपण शृंगेरीचे पीठ म्हणतानाही एकत्रच घेतो. पवित्र पीठ प्राचीन आहे. व्हॅटिकन नगरराज्य मात्र १९२९ मधले.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पोपकडे मध्य इटलीचा मोठा प्रदेश होता. इटलीच्या एकीकरणात त्यातील बहुतेक भाग गेला. रोम तेवढे फ्रेंच सैन्याच्या आधारावर टिकून होते. १८७० मध्ये प्रशियाशी युद्ध जुंपताच फ्रान्सने ते सैन्य परत बोलावले आणि २० सप्टेंबर रोजी इटलीच्या फौजा पोर्ता पिया या वेशीजवळचा तट फोडून शहरात शिरल्या. पुढच्या वर्षी इटलीच्या संसदेने 'हमी कायदा' केला. त्यानुसार पोपना राजासारखा मान, परदेशी दूतांचा स्वीकार करण्याचा हक्क, व्हॅटिकनच्या प्रासादांचा उपभोग आणि वर्षाला ३२,२५,००० लिरांचे अनुदान मिळणार होते. नववे पायस यांनी हे सारे नाकारले. वरवर पाहता हा हट्ट वाटतो; परंतु त्यामागचा प्रश्न खरा होता. जे एका देशाची संसद कायद्याने देते, ते तीच संसद उद्या कायद्याने काढूनही घेऊ शकते. हा पेच 'रोमन प्रश्न' म्हणून ओळखला जातो. पुढील ५९ वर्षे एकाही पोपने व्हॅटिकनच्या आवाराबाहेर पाऊल टाकले नाही.

या भूमिहीन काळात पीठाचे आंतरराष्ट्रीय स्थान संपले नाही, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात घ्यावी. अनेक देशांचे दूत पोपकडे येतच राहिले. कॅरोलाइन बेटांवरून जर्मनी व स्पेन यांच्यात वाद उद्भवला, तेव्हा १८८५ मध्ये तेरावे लिओ यांनी मध्यस्थी केली. १८८६ मध्ये त्यांनी पोर्तुगालशी करार केला. पूर्वेकडील चर्चवर पोर्तुगालच्या राजाला असलेला 'पाद्रोआदो' हा आश्रयाधिकार भारतात कोठवर चालावा, हा त्या कराराचा विषय होता. गोव्याच्या आर्चबिशपांना 'ईस्ट इंडीजचे पॅट्रिआर्क' ही सन्माननीय पदवी मिळाली, ती त्याच वर्षी. ती देणाऱ्या पोपकडे त्या वेळी स्वतःचे म्हणावे असे राज्य नव्हते.

अखेर ११ फेब्रुवारी १९२९ रोजी कार्डिनल गास्पारी आणि मुसोलिनी यांनी लॅटेरन करारावर सह्या केल्या. पोपनी रोमवरील हक्क सोडला. इटलीने व्हॅटिकनचे सार्वभौमत्व मान्य केले आणि भरपाई दिली. संसदेच्या कायद्याची जागा दोन समान पक्षांमधील तहाने घेतली, हे त्यातील खरे यश. त्याची किंमतही होती : एका हुकूमशहाला या तहाने मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली. त्या वेळी मान्य झालेले, कॅथलिक हाच इटलीचा राज्यधर्म हे तत्त्व १९८४ च्या सुधारित करारापासून उरले नाही.

तहाची कसोटी दुसऱ्या महायुद्धात लागली. सप्टेंबर १९४३ पासून जून १९४४ पर्यंत रोम जर्मनांच्या ताब्यात होते. संत पीटर चौकाच्या तोंडाशी जमिनीवर रंगवलेली पांढरी रेघ ही सीमा होती. तिच्या अलीकडे जर्मन सैनिक उभे असत आणि पलीकडे त्यांच्या शत्रुराष्ट्रांचे राजदूत राहत होते.

आजही दोन्ही संस्थांची कामे वेगळी आहेत. टपाल तिकिटे काढणे हे राज्याचे काम. वसईच्या बिशपांची नेमणूक ही पीठाची कृती. १९४८ पासून भारताचे राजनैतिक संबंध आहेत ते पीठाशी, आणि १९६४ पासून संयुक्त राष्ट्रांत स्थायी निरीक्षक आहे तेही पीठच. राज्याचे नागरिकत्वदेखील जन्माने मिळत नाही. ते मुख्यतः पदामुळे किंवा सेवेमुळे मिळते आणि सामान्यतः त्याबरोबरच संपते. दुसऱ्या कोणत्याही देशाचे नागरिकत्व नसलेल्या अशा व्यक्तीला इटलीने आपली नागरिक मानावे, अशी तरतूद लॅटेरन करारातच केलेली आहे.