पेजर

पेजर हे रेडिओलहरींद्वारे पाठवलेला संक्षिप्त संदेश ग्रहण करणारे, खिशात मावणारे बिनतारी उपकरण आहे. भ्रमणध्वनीच्या प्रसारापूर्वी फिरतीवरील व्यक्तीला निरोप पोहोचवण्याचे ते एक प्रमुख साधन होते.

कार्यपद्धती

प्रत्येक पेजरला स्वतंत्र क्रमांक असतो. भारतात निरोप देणारी व्यक्ती पेजिंग कंपनीच्या केंद्रात दूरध्वनी करून हा क्रमांक व मजकूर सांगत असे. तेथील कर्मचाऱ्याने टंकित केलेला मजकूर प्रक्षेपकांवरून संपूर्ण सेवाक्षेत्रात प्रसारित होई. मात्र क्रमांक जुळणारा पेजरच 'बीप' असा ध्वनी करून तो दाखवी. बहुतेक पेजर केवळ संदेश घेऊ शकत. त्यामुळे उत्तरासाठी जवळचा सार्वजनिक दूरध्वनी गाठावा लागे आणि निरोप पोहोचला की नाही, हे पाठवणाऱ्यास कळत नसे.

उदय

अमेरिकी संशोधक आल्फ्रेड ग्रॉस यांनी १९४९ मध्ये पेजरचे एकस्व मिळवले. १९५० मध्ये न्यूयॉर्कमधील एका रुग्णालयात त्याचा वापर सुरू झाला. आरंभीचे पेजर केवळ ध्वनी करत. पुढे पडद्यावर अंक व नंतर अक्षरे दिसू लागली. १९९० च्या दशकात पेजरचा प्रसार शिखरावर होता.

भारतातील ऱ्हास

भारतात व्यापारी पेजिंग सेवा १९९५ मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी ३१ जुलै रोजी देशातील पहिले भ्रमणध्वनी संभाषण झाले. सुरुवातीला भ्रमणध्वनीवर आलेल्या कॉलसाठीही पैसे मोजावे लागत, म्हणून डॉक्टर, व्यापारी व विक्री प्रतिनिधी यांना पेजर परवडणारा वाटे. १९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणानंतर भ्रमणध्वनीचे दर उतरले, तर २००३ मध्ये येणारे कॉल निःशुल्क झाले. लघुसंदेश आणि संभाषण एकाच उपकरणात मिळू लागल्याने पेजरचे प्रयोजन संपले. पाश्चात्त्य देशांत अनेक दशके टिकलेले हे साधन भारतात दशकभरही स्थिरावले नाही.

सद्यस्थिती

शक्तिशाली प्रक्षेपकांमुळे पेजरचे संकेत इमारतींच्या अंतर्भागातही पोहोचतात आणि त्याची बॅटरी दीर्घकाळ टिकते. त्यामुळे काही देशांतील रुग्णालये व आपत्कालीन सेवा आजही तो वापरतात. केवळ संदेश घेणारा पेजर स्वतः संकेत पाठवत नसल्याने त्याच्या धारकाचा ठावठिकाणा शोधणे कठीण असते. याच कारणास्तव लेबनॉनमधील हिजबुल्ला संघटनेने त्याचा अवलंब केला होता. परंतु १७ सप्टेंबर २०२४ रोजी तिच्या हजारो पेजरमध्ये दडवलेल्या स्फोटकांचे स्फोट होऊन बालकांसह अनेक जण मृत्युमुखी पडले. जपानमधील अखेरची व्यापारी पेजर सेवा सप्टेंबर २०१९ मध्ये बंद झाली.