'लेणं' म्हणजे गुहा नव्हे, राहतं घर

नाशिकच्या डोंगराला लोक सर्रास 'पांडवलेणी' म्हणतात. तिथल्या शिलालेखांत पांडव कुठेच नाहीत. डोंगराचे नाव त्रिरश्मी असे कोरलेले आहे. हे आता बऱ्याच जणांना माहीत झाले आहे. पण 'लेणी' या शब्दाकडे आपले लक्ष जात नाही. आपणही सहज 'गुहा' म्हणून जातो आणि मग एकटा बसलेला तपस्वी डोळ्यांपुढे येतो. तिथे तसे नव्हते.

पालीत हा शब्द 'लेण' आहे, संस्कृतात 'लयन'. अर्थ आसरा, राहण्याची जागा. (अंगावर ल्यायचे लेणे वेगळे.) विनयपिटकातील चुल्लवग्गात तथागतांनी भिक्खूंना पाच लेणांची अनुमती दिली आहे: विहार, अड्ढयोग, पासाद, हम्मिय आणि गुहा. म्हणजे गुहा हा लेणाचा केवळ एक प्रकार. राजगृहाच्या श्रेष्ठीने साठ विहार बांधले, तेही कोणा एका भिक्खूला नाही, तर आलेल्या आणि पुढे येणाऱ्या चारी दिशांच्या संघाला दिले.

त्रिरश्मीवर हाच 'चातुदिस संघ' भेटतो. लेणे क्र. १० नहपानाचा जावई उषवदात याने कोरवून संघाला दिले. मधे मंडप, भोवती लहान खोल्या. पण नुसते छप्पर देऊन तो थांबला नाही. त्याने ३००० कार्षापण गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले. त्यातल्या २००० वर दरमहा एक टक्का व्याज. त्यातून या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण मिळायचे. हिशेब करून बघा: वर्षाचे व्याज २४०, वीस जणांचे बारा-बारा म्हणजे २४०. पै न पै जुळते!

याच लेण्याच्या अंगणात आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला लेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने कुंभार, तेली अशा श्रेणींकडे रक्कम ठेवली. कारण एकच, 'गिलानभेसज': त्रिरश्मीवर राहणाऱ्या संघातला कोणी आजारी पडला, तर त्याच्या औषधासाठी.